चित्रपट कसा घडतो? फाळक्यांच्या घरातून एक फेरफटका

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत यापूर्वी आरोग्य, शिक्षण आणि संतवाङ्मय अशा वजनदार विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्यामागून आम्ही चित्रपटावर बोलायला उभे राहिलो, तेव्हा मागच्या रांगेतील मुले सरसावून बसली आणि पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांनी चष्मे काढून खिशात ठेवले, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. मुलांना वाटत असेल, आता नटनट्यांच्या गोष्टी निघतील. वडिलांना वाटत असेल, यात ऐकण्यासारखे काय असणार! दोघांचीही थोडी निराशा करणे आम्हांस भाग आहे. आम्ही बोलणार आहोत ते कारखान्याविषयी. चित्रपट पडद्यावर दिसतो, पण त्याआधी तो हातांनी घडवावा लागतो. आणि आपल्या देशात ज्या घरात तो आरंभापासून अखेरपर्यंत घडवला गेला, त्या घराच्या कर्त्या पुरुषाचे शिक्षण आपल्या या बडोद्यात झाले आहे.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख. आज त्या वास्तूत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशास्त्र आणि अभियांत्रिकी शाखा आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांची मुले तिथूनच इंजिनियर होऊन बाहेर पडली. त्या पहिल्या दिवसांत तेथे एक विशीतला तरुण आला. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेला हा धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला त्याच्या हाती होतीच. येथे त्याने छायाचित्रण आणि छपाईची कामे शिकून घेतली, एक कॅमेराही मिळवला. त्या वेळी या शिक्षणातून पुढे काय निघेल हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण चित्रपट ही वस्तूच अजून जगात यावयाची होती.

ती आली १८९५ साली. पॅरिसमध्ये २८ डिसेंबरला ल्युमिएर बंधूंनी एका कॅफेच्या तळघरात तिकीट लावून हलती चित्रे दाखवली. ल्युमिएर यांचा ल्यों शहरी छायाचित्रांच्या काचा तयार करण्याचा कारखाना होता. त्यांनी केलेल्या पेटीत तीन कामे होत : तीच चित्रे घेई, तीच त्यांच्या प्रती छापी आणि तीच ती पडद्यावर टाकी.

आता चित्र हलते म्हणजे काय होते, ते प्रथम पाहू. खरे सांगायचे तर चित्र हलतच नाही. फितीवर ओळीने हजारो स्थिर छायाचित्रे असतात. प्रत्येक चित्र मागच्यापेक्षा किंचित वेगळे. मुलांनो, वहीच्या कोपऱ्यात पानोपानी माणसाची आकृती काढून पाने भराभर सोडली की माणूस धावतो, हा खेळ तुम्ही केला असेल. तोच हा प्रकार. जुनी पुस्तके याचे कारण डोळ्यांच्या पडद्यावर चित्र क्षणभर रेंगाळते एवढेच देत. आजचे शास्त्रज्ञ म्हणतात की एवढ्याने भागत नाही. वेगवेगळ्या चित्रांची सांगड घालून त्यांतून गती उभी करण्याचे काम आपला मेंदू करतो.

पण फीत सारखी सरकत राहिली तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. म्हणून फीत क्षणभर थांबली पाहिजे, पुन्हा एक घर पुढे गेली पाहिजे, पुन्हा थांबली पाहिजे. आपल्या घरातील शिवणयंत्र आठवा. सुई कापडात असते तोवर कापड स्थिर, सुई वर गेली की दाते कापड पुढे ढकलतात. लुई ल्युमिएर यांना ही युक्ती शिवणयंत्रावरूनच सुचली, असे सांगतात. फितीच्या दोन्ही कडांना भोके असतात. यंत्राची नखे त्या भोकांत शिरून फीत ओढतात, आणि फीत सरकत असता मध्ये एक झडप येऊन प्रकाश अडवते. म्हणजे फितीच्या चित्रपटगृहात आपण तिकिटाचे पैसे मोजून बसतो, त्यातला बराचसा वेळ पडद्यावर अंधारच असतो. तो आपल्याला जाणवत नाही इतकेच. मूकपटाच्या काळी साधारण सेकंदाला सोळा चित्रे घेत, तीही हाताने दांडा फिरवून. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग पक्का बांधावा लागला, तो चोवीस चित्रांचा. आज फीत बहुतेक गेली, खिशातल्या फोनवर चित्रण होते. पण स्थिर चित्रांची माळ ओढायची हे तत्त्व कायम आहे.

ल्युमिएर यांचा हा खेळ पुढल्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. तिकीट एक रुपया. लवकरच आपल्या माणसांनीही हे यंत्र हाती घेतले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले. मात्र फीत धुण्यासाठी ती लंडनला धाडावी लागली. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईत लागला. त्याचा कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फितीवरील संस्कारही विलायतेत झाले. पहिला मान कोणाचा, यावर पुष्कळ वाद झालेले आहेत. आम्हांस त्यात कोणाचेही श्रेय कमी करावयाचे नाही. फाळक्यांचा विशेष इतकाच की, कथेपासून ते धुतलेल्या फितीपर्यंतची सर्व कामे त्यांनी घरात आणली. म्हणूनच चित्रपट कसा घडतो हे समजून घ्यायला त्यांच्या घरासारखी दुसरी शाळा नाही.

मुंबईच्या गिरगावात १९१०-११ च्या सुमारास फाळक्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, या विचाराने त्यांना पछाडले. चाळिशी आलेली, छापखान्याची भागीदारी नुकतीच सुटलेली. भांडवल द्यायला कोण तयार होणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज ठरल्या जागेवरून त्याचे चित्र घेतले. महिनाभराची वाढ पडद्यावर एक-दोन मिनिटांत झाली. पाहणाऱ्यांसमोर अंकुर फुटला, वेल चढली. या एका प्रयोगाने पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. विम्याची पॉलिसी तारण ठेवून रक्कम उभी राहिली, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी कामाची पाहणी केली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, भोके पाडण्याचे व प्रती छापण्याचे यंत्र यांची खरेदी ठरवली आणि दोन महिन्यांत ते परत आले.

आता चला दादरच्या त्यांच्या घरात, ‘मथुराभवना’त.

कोरी फीत तेव्हा कडांना भोके न पाडताच येई. तिला उजेड लागला की ती वाया जाणार, म्हणून हे काम रात्री, अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्यावर चाले. ते करीत फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. थोडा हिशेब मांडू. फितीच्या एका फुटात सोळा चित्रे, प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस भोके. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. गुणाकार केला तर पावणेपाच लाखांच्या जवळ आकडा जातो. आणि ही झाली केवळ तयार चित्रपटाच्या एका प्रतीची भोके. यंत्र होते हे खरे, पण एक भोक तिरके पडले तरी पडद्यावर चित्र उडी मारणार. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून, मुलांना निजवून ही बाई रात्री त्या यंत्रापुढे बसे. दागिने तिने आधीच दिलेले होते.

दुसरी पायरी चित्रणाची. विजेचे दिवे नव्हते, सूर्य हाच दिवा. ऊन एका अंगाला पडले की दुसऱ्या अंगाला सावली काळीकुट्ट येते. म्हणून पांढरी चादर उन्हात धरून तिच्यावरचा प्रकाश नटाच्या तोंडावर टाकावा लागे. त्या चादरीही पुष्कळदा सरस्वतीबाईंनीच धरल्या. त्या काळच्या फितीला तांबडा रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. तेव्हा रंगभूषा नि कपडे निवडतानाही रंग फितीच्या डोळ्याने पाहावे लागत. कॅमेरा चालवला त्र्यंबक तेलंग यांनी, हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र.

तारामती मात्र मिळेना. चांगल्या घरची स्त्री तर राहोच, कोणीच स्त्री कॅमेऱ्यापुढे उभी राहण्यास तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांना दिसले. तेथे त्यांना महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा कबूल केले आणि तारामती सापडली. स्त्रीभूमिका करणाऱ्या इतर पुरुषांचा अडसर मिशीचा होता. वडील हयात असता मिशी कशी उतरवायची, हा त्यांचा प्रश्न आज हसू आणील, पण त्यांना तो खरा होता. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवीत, म्हणून फाळके मंडळींना सांगत की हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगा. खोटे त्यात काही नव्हतेच!

तिसरी पायरी फीत धुण्याची. चित्र घेतल्यावर फितीवर काहीच दिसत नाही. रसायनात घातल्यावर ते उमटते, तेही उलटे, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. दुसऱ्या रसायनाने ते पक्के करायचे, धुवायचे, वाळवायचे, आणि मग दुसऱ्या फितीवर छापून सुलटी प्रत काढायची. रसायनांची मापे चुकली तर आठवड्याचे काम गेले. कलाभवनात शिकलेली विद्या येथे कामी आली, आणि ती त्यांनी घरच्या माणसांस शिकवली.

चौथी पायरी तुकडे जोडण्याची. चित्रण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, सोयीच्या क्रमाने होते. राजवाड्याचे सगळे प्रसंग एकदा, जंगलाचे एकदा. मग कात्रीने फीत कापून योग्य जागी चिकटवायची, मधे अक्षरांच्या पाट्या घालायच्या. याच कलेत चमत्कारही लपलेला असतो. फ्रान्समध्ये झॉर्झ मेलिए यांनी हे आधीच दाखवले होते : कॅमेरा स्थिर ठेवून मध्येच थांबवायचा, माणसाला बाजूला करायचे, पुन्हा सुरू करायचा, पडद्यावर माणूस अदृश्य! मेलिए जादूगार होते, फाळक्यांनाही जादूचे प्रयोग येत. आपल्या पुराणकथांना हे तंत्र फार मानवले. देव प्रकट व्हायचा तर तो असाच.

अशा रीतीने ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी ऑलिम्पिया थिएटरात, आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी तो दाखवला गेला. मुंबईत गर्दी लोटली. आपल्या शेजारच्या सुरतेत मात्र पहिल्या दिवसाची विक्री तीन रुपये झाल्याचे सांगतात. इतक्या थोड्या वेळाच्या खेळाला पैसे कोण देणार, असा तिथला सूर होता. फाळक्यांनी मग जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर केवळ तीन आणे. आमचा मघाचा हिशेब ज्यांच्या लक्षात असेल त्यांनी ताडून पाहावे. छायाचित्रांचा आकडा बराचसा खरा आहे. पण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही! व्यापारी गावात व्यापाऱ्याची भाषा बोलावी लागते, हे फाळके जाणून होते. दुसऱ्या दिवसापासून विक्री वाढली म्हणतात.

पुढचा इतिहास आपण धावता पाहू. त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, आणि मिशांचा प्रश्न सुटू लागला. ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा देशातच तयार केला. १९३१ साली ‘आलम आरा’ने चित्रपटास वाचा दिली, आणि १९३२ साली प्रभात कंपनीने मराठी बोलपट काढला तो पुन्हा हरिश्चंद्राचाच, ‘अयोध्येचा राजा’. त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित स्त्री. एकोणीस वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला. फाळक्यांना मात्र बोलपटाचा काळ मानवला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिक येथे वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला, तो पाहायला ते नव्हते.

आणि आता, बंधुभगिनींनो, ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला ते सांगतो. त्या काळची फीत ज्या द्रव्याची होती, ते बंदुकीच्या कापसाचे भावंड. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. पेटली नाही तर कुजते. त्यातली चांदी काढून घेण्यासाठी कित्येक चित्रपट वितळवले गेले. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण उरलेले बोटांवर मोजावेत इतके. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’चा थोडा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तोही १९१३ चा नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. त्याच सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक लघुपट काढला होता. त्याचा तुकडा शिल्लक आहे. त्यात फाळके सूचना देताना, फीत तपासताना दिसतात. भोके पाडणारे हात मात्र लोकांना कळले ते पुढे आठवणींतून आणि लेखांतून. कोणी लिहिले, म्हणून कळले.

आम्ही हे दुसऱ्यांना सांगण्याचा अधिकार फारसा राखून नाही. आमच्या थोरल्या काकांकडे आठ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा होता. वाड्यातल्या एका मंगळागौरीची फीत त्यांनी घेतली होती. आमची आजी त्यात वाढताना दिसे. वाढता वाढता कॅमेऱ्याकडे पाहून पदर सावरी आणि हाताने ‘पुरे’ म्हणे. लहानपणी आम्ही ती भिंतीवर पाहिलेली आहे. काका गेल्यावर माळ्यावरचा डबा खाली निघाला, तेव्हा फितीला शिर्क्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, उग्र वास येत होता आणि ती वेडीवाकडी आकसली होती. हा त्या फितीचा ठाऊक असलेला रोग आहे. उष्ण दमट हवेत तो बळावतो. पण तेव्हा आम्हांस ते माहीत नव्हते. खराब झाली म्हणून आम्हीच तो डबा घर आवरताना टाकून दिला. जाणत्याला दाखवली असती तर काही चित्रे वाचली असती, हे मागाहून कळले. आजीचे छायाचित्र आहे, पण चालती-बोलती आजी त्या एकाच डब्यात होती.

म्हणून एक विनंती. आपल्या समाजाची कित्येक घराणी गायकवाडीपासून येथे आहेत. आपल्या माळ्यांवर, ट्रंकांत जुन्या छायाचित्रांच्या काचा असतील, फिती असतील, लग्नमुंजींचे अल्बम असतील. फितीला वास येत असला तर ती इतरांपासून वेगळी ठेवा, जुन्या यंत्रावर चढवू नका, ओढून उलगडू नका. कोरड्या थंड जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. छायाचित्रांमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, आणि ती वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून लिहा. समारंभाचे अध्यक्ष कोण हे कोणीही सांगेल. मागे ताट घेऊन उभी असलेली बाई कोण, हे मुद्दाम विचारा. आपल्या संस्थेच्या पंचाहत्तर वर्षांतही पावत्या फाडणारे, पंगती वाढणारे, सतरंज्या घालणारे हात पुष्कळ झाले, आणि इतिवृत्तांत त्यांची नावे सापडत नाहीत.

विश्वस्तांच्या संमतीने बाहेर दाराशी एका टेबलावर कोरी वही ठेवली आहे. ज्यांच्याकडे अशी वस्तू असेल त्यांनी आपले नाव आणि वस्तू काय ती एवढेच लिहून जावे. पुढची व्यवस्था कार्यकारी मंडळ पाहील. पहिल्या ओळीत आम्ही आमचे नाव लिहिले आहे आणि त्यापुढे ‘फीत एक, टाकून दिली’ असे नोंदवले आहे. दुसरी ओळ आपल्यापैकी कोणाची तरी, आणि अधिक चांगली असो.